चव बघायची की पोट भरायचं?

परवा रविवारी संध्याकाळी आमच्या भागातल्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये गेलो होतो. द्राक्षांचा सीझन, फळांच्या विभागात क्रेटच्या क्रेट लावलेले. तिथे एक गृहस्थ उभे. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, बोटात गाडीची किल्ली फिरतेय. ट्रॉली रिकामी. ते निवांत द्राक्षं खात होते. एक या घडातलं, दोन त्या घडातली. माझे किलोभर टोमॅटो निवडून होईपर्यंत त्यांचं चालूच होतं. मग द्राक्षं न घेताच पुढे सरकले, सुट्ट्या ड्रायफ्रूटच्या डब्यांकडे. तिथे तीन-चार काजू, थोडे पिस्ते, वर खारे शेंगदाणे.

मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, वजन करून घ्या की."

ते अजिबात ओशाळले नाहीत. "अहो, चव बघतोय. बघून घ्यायला नको?" आणि लगेच दुसरं वाक्य, "एवढी मोठी कंपनी आहे, यांचं काय जातंय?"

ही दोन वाक्यं मी इतक्या लोकांकडून ऐकली आहेत की आज लिहायलाच बसलो.

आधी चवीचं बघू. चव बघून घ्यायची पद्धत आपल्याकडे आहे आणि ती चांगली पद्धत आहे. कलिंगडवाला सुरीने त्रिकोणी तुकडा काढून आतला लाल रंग दाखवतो. आंबेवाला एखादा आंबा कापून फोड हातावर ठेवतो. फरसाणवाला कागदावर चिमूटभर शेव देतो. द्राक्षवाला तर स्वतःच ओरडतो, "घ्या काका, खाऊन बघा, नुसती साखर आहे." आम्ही लहान असताना वाणी यादीचं सामान बांधता बांधता आमच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. पण या प्रत्येक ठिकाणी देणारा हात दुकानदाराचा होता, हे आपण सोयीस्कर विसरतो. माल त्याचा, किती द्यायचा ते तो ठरवायचा. तुम्ही चौथ्यांदा हात घातलात की तो सगळ्यांसमोर विचारायचा, "मावशी, घ्यायची आहेत का नुसतीच खायची?" आजूबाजूचे चार जण ऐकायचे. हात आपोआप मागे यायचा.

सुपरमार्केटमध्ये विचारणारं कोणी नाही, एवढाच फरक आहे. तिथे उभ्या असलेल्या मुलाला 'कस्टमरशी वाद घालायचा नाही' असं बजावलेलं असतं, आणि हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणजे जो मंडईत लाजत होता तोच माणूस एसीत आल्यावर लाजत नाही. याला परंपरा म्हणू नका हो.

आणि गंमत बघा. हीच माणसं घरी द्राक्षं आणली की मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवतात, फवारणी केलेली असते म्हणून. दुकानात मात्र क्रेटमधून थेट तोंडात.

घडातून एक मणी ओढला की देठाला ओला गर राहतो. तिथून रस पाझरतो, शेजारचे मणी चिकट होतात, संध्याकाळपर्यंत तो घड कोणी हातात घेत नाही. ओढाताणीत जे मणी गळतात ते 'सुट्टे मणी' म्हणून कमी भावात काढावे लागतात. सुपरमार्केटचं सोडा, हातगाडीवाल्याचा हिशेब करा. दिवसाला वीस गिऱ्हाइकांनी पाच-पाच मणी खाल्ले तर शंभर मणी झाले. एक मणी चार-पाच ग्रॅमचा धरला तरी अर्धा किलोच्या आसपास माल गेला. शंभर रुपये किलोचा भाव असेल तर पन्नास रुपये. त्या माणसाच्या दिवसाच्या कमाईत पन्नास रुपये म्हणजे काय, हे गाडीची किल्ली फिरवणाऱ्याला कळणार नाही कदाचित.

"पण आम्ही नंतर पैसे देतोच ना" असं म्हणणारा एक वर्ग आहे. पोराला चिप्सचं पाकीट फोडून द्यायचं, ते ट्रॉलीत बसून खाणार, शेवटी रिकामं पाकीट काउंटरवर स्कॅन. इथे निदान हिशेब लागतो, मान्य आहे. पण बिल होईपर्यंत ती वस्तू दुकानाची असते. मी स्वतः पाहिलंय, बिलाच्या वेळी यूपीआय अडकलं, खिशात रोख नाही, आणि पोराच्या हातात अर्धं खाल्लेलं चॉकलेट. आता ते चॉकलेट कोण परत घेणार? बाईही बिचाऱ्या ओशाळल्या. आधी काउंटरवर जाऊन त्या एका चॉकलेटचं बिल केलं असतं तर पाच मिनिटं गेली असती. कोणाची शुगर अचानक खाली गेली तर खुशाल पाकीट फोडा, कोणीही माणूस असेल तर अडवणार नाही, रिकामं पाकीट आठवणीने काउंटरवर द्या म्हणजे झालं. रडणारं पोर मात्र दर रविवारी इमर्जन्सी होऊ शकत नाही.

आणि वजनाच्या मालाला तर ही पळवाटही नाही. काट्यावर जेवढं येतं तेवढ्याचेच पैसे लागतात. पोटात गेलेले काजू काट्यावर येत नाहीत. ते 'नंतर देतो'मध्ये बसत नाहीत, ती उचलेगिरी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. काजूसाठी पोलीस बोलवा असं मी म्हणत नाही (कमेंटमध्ये वकील मंडळी यायच्या आत सांगून ठेवतो). पण 'चव' हा शब्द कायद्यातही कुठे सूट म्हणून लिहिलेला नाही.

आता दुसरं वाक्य. कंपनीचं काय जातंय?

वजनकाट्यावर बसणारी मुलगी तोंडओळखीची आहे. तिला सहज विचारलं. ती आधी हसली, मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "काका, रोज सकाळी साबणाच्या मागे रिकामी पाकिटं सापडतात. बिस्किटं, चॉकलेट, कधी ज्यूसचे डबे. महिन्याला स्टॉक मोजतात तेव्हा कमी आलं की आम्हालाच ऐकावं लागतं. मागच्या महिन्यात आमच्या सेक्शनचे थोडे पैसे पण कापले."

हे कापणं तरी नियमाने होतं का? १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यापासूनची तरतूद अशी की माल त्या कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेला असेल आणि नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालं असेल तरच कपात करता येते, आणि तीही त्याला बाजू मांडायची संधी देऊन. अख्ख्या सेक्शनकडून वाटून पैसे घेणं यात कुठे बसतं? म्हणजे दोष दुकानाचाही आहे, मोठाच आहे. पण तुमच्या तोंडात काजू गेला तेव्हा ती कपात सुरू झाली, हेही खरंच आहे. कंपनी तिचं नुकसान भावात टाकून तुमच्या-माझ्याकडून वसूल करते. त्या मुलीला कुठे टाकता येतं?

मग काही जण आणखी पुढे जातात. "ते आपल्याला लुटतात, आम्ही दोन शेंगदाणे खाल्ले तर काय बिघडलं?" लुटतात, कधी कधी खरंच लुटतात. शेल्फवर एक भाव, बिलात दुसरा, हा अनुभव कोणाला नाही? त्यासाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आधी न सांगता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं अयोग्य आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये दिला, कारण काही ग्राहक त्या दहा-वीस रुपयांच्या पिशवीसाठी शेवटपर्यंत भांडले. ते भांडण मला मान्य आहे. डब्यात हात घालणारे आमचे हे क्रांतिकारक बिलात चूक निघाली तरी मागे रांग आहे म्हणून गप्प बसतात.

त्या संध्याकाळची अजून एक गोष्ट राहिली. बाहेर पडताना दारावर एक डिलिव्हरीवाला पोरगा, विशी-बाविशीचा, घामाघूम. पाण्याची बाटली आणि बिस्किटचा पुडा घेतला होता. सिक्युरिटीवाल्याने त्याचं बिल पाहिलं, मग सॅक उघडायला लावली, मग पुन्हा बिल पाहिलं. पोरगा काही बोलला नाही, ऑर्डरला उशीर होत होता म्हणून सारखा मोबाइल बघत होता. त्याच्या मागोमाग आमचे इस्त्रीवाले साहेब आले. ट्रॉलीत काय होतं ते पाहायच्या आधीच सिक्युरिटीवाल्याने सलाम ठोकला. साहेब अजून काहीतरी चघळत होते.

'द्राक्षांवरून एवढा निबंध?' असं लिहायला काही जण येतीलच. या. फक्त येताना एवढं सांगा, तुमची सॅक दारावर शेवटची कधी उघडायला लावली होती?