मायलेज वाढवणाऱ्या प्लगची एकदा चाचणी घ्या

प्रति,
संचालक,
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुणे



कोथरूडची टेकडी पुणेकर तुमच्याच नावाने ओळखतात. गाडी घ्यायला गेलेला माणूसही शोरूममध्ये आधी तुमचेच नाव घेतो: ‘एआरएआय मायलेज किती?’ रस्त्यावर तेवढे मिळत नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. तरीही दोन गाड्यांची तुलना करताना लोक त्या आकड्यावर विसंबतात, कारण सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजल्या आहेत अशी त्यांची खात्री असते. त्या विश्वासाच्या जोरावर हे पत्र लिहितो आहे. मागणी एकच आहे. ‘मायलेज वाढवतात’ असे सांगून जे महागडे स्पार्क प्लग विकले जातात, त्यांची तुमच्या प्रयोगशाळेत चाचणी घ्या आणि निकाल लोकांना कळेल अशा भाषेत जाहीर करा.

हा व्यवहार कसा चालतो ते स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ उभे राहिले की दिसते. टॅक्सी चालवणारा एखादा तरुण जुने चार प्लग फडक्यात गुंडाळून आणतो. इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झालेल्या, गॅप वाढलेली, एकावर काजळी धरलेली. साधा निकेलचा प्लग शंभर-दीडशेला आणि इरिडियमचा त्याच्या कितीतरी पट किमतीला. ‘हे टाका, लिटरमागे दोन किलोमीटर वाढतील,’ असे काउंटरवरून सांगितले जाते. तो मोबाइलवर हिशेब करतो आणि महागातले चार घेऊन जातो. पुढे तो मित्रांना सांगतो की खरेच फरक पडला. तो खोटे बोलत नसतो. मिसफायर करणारा झिजलेला प्लग काढून योग्य गॅपचा कुठलाही नवा प्लग बसवला असता, तरी गाडी सुधारलीच असती. जुन्या निकेलशी नव्या इरिडियमची तुलना मुळातच चुकीची आहे. नव्याची नव्याशी तुलना करून दाखवायला मात्र कोणी पुढे येत नाही.

प्लगचे काम ठिणगी पाडण्याचे. त्या ठिणगीत ऊर्जा असते काही मिलिज्यूल, फार तर शंभरएक. सिलिंडरमध्ये एका वेळी जळणाऱ्या पेट्रोलमधून मात्र शेकडो ज्यूल बाहेर पडतात. मिश्रण एकदा नीट पेटले की पुढे ज्योत आपल्या बळावर पसरते, ठिणगी कितीही जोरदार असो. हवा-पेट्रोलचे प्रमाण आजच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सांभाळतो, एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडून माहिती घेत. त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या इंजिनात गेलेले जवळजवळ सगळे पेट्रोल जळतेच. न जळता सुटते ते दोन-तीन टक्के. आपण भरलेल्या पेट्रोलचा मोठा हिस्सा वाया जातो हे खरे, पण तो जळल्यानंतर, उष्णता होऊन, रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे जातो. तिथे प्लगचा काही इलाज चालत नाही. मग खोक्यावरची दहा-पंधरा टक्के बचत येणार कुठून?

इरिडियमवर माझा राग नाही. ते सुमारे २४५० अंश सेल्सिअसला वितळते, तर निकेल १४५५ अंशांना. म्हणून मधला इलेक्ट्रोड ०.४ मिलिमीटर इतका बारीक करता येतो, ठिणगीला कमी व्होल्टेज पुरते आणि गॅप लाखभर किलोमीटरच्या आसपास टिकू शकते. ज्या गाडीला कंपनीने असा प्लग सांगितला आहे, तिला स्वस्तातला घालू नये. पण टिकाऊपणा हा एक गुण आहे आणि मायलेज ही वेगळी गोष्ट आहे. गिऱ्हाईक पैसे मोजते ते दुसऱ्या गोष्टीसाठी.

प्लगच्या रचनेने फरक पडूच शकत नाही असेही नाही. आकुर्डीच्या बजाजने २००३ मध्ये पल्सरला डीटीएस-आय इंजिन दिले, एका सिलिंडरला दोन प्लग. दोन ठिकाणांहून ज्योत निघाल्याने मिश्रण लवकर जळते. पण तिथे दहनकक्ष आणि ठिणगीची वेळ त्या दोन प्लगांना धरूनच आखलेली होती. तयार इंजिनातला एक प्लग काढून दुसरा पिळला, एवढ्याने ते साधत नाही. साधले असते तर मायलेजच्या दशांशासाठी झटणाऱ्या गाडी कंपन्यांनीच तो प्लग कारखान्यात बसवून दिला असता.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून मला जास्त काळजी वाटते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ई-२० च्या लिटरमध्ये सुमारे सात टक्के कमी. मायलेज घटल्याने चिडलेल्या गिऱ्हाइकाला ‘प्लग बदला, भरून निघेल’ हे सांगणे सोपे आहे. पण जी ऊर्जा टाकीत आलीच नाही, ती ठिणगी आणणार कुठून?

हे तपासणे आमच्या आवाक्यातले नाही. टाकी फुल करून हिशेब काढावा, तर पस्तीस लिटरमध्ये पंपाच्या नोझलने अर्धा लिटर आधी कट-ऑफ केला की सुमारे दीड टक्क्याची चूक तिथेच होते. टायरची हवा, एसी, चांदणी चौकातली कोंडी हे वेगळेच. खरा फरक एक टक्का असेल तर पंधराचे मायलेज १५.१५ होईल, आणि ते या गोंधळात दिसणारच नाही. तुमच्याकडे चॅसिस डायनामोमीटर आहे, ठरलेली ड्रायव्हिंग सायकल आहे, एकाच प्रतीचे इंधन आहे.

अमेरिकेत हे काम सरकारी यंत्रणांनी केले आहे. तिथल्या पर्यावरण संस्थेने इंधन बचतीची शंभराहून जास्त उपकरणे तपासली, पण मायलेज लक्षणीय वाढवणारे एकही निघाले नाही. व्ही आकाराच्या इलेक्ट्रोडचे ‘स्प्लिटफायर’ प्लग बचतीचे दावे करत खपत होते. पुरेसा आधार नसताना असे दावे केल्याबद्दल फेडरल ट्रेड कमिशनने १९९७ मध्ये त्या कंपनीवर कारवाई केली. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, त्याखाली केंद्रीय प्राधिकरण आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंडही आहे. नाही तो मोजलेला आकडा, आणि तो देण्याइतके विश्वासाचे ठिकाण तुमचेच.

तेव्हा विनंती अशी. जास्त खपाच्या चार-पाच पेट्रोल गाड्या घ्या. आधी कंपनीने सांगितलेला नवा प्लग, मग नवा स्पेशल प्लग, मग पुन्हा कंपनीचा, असे लावून मोजा, आणि एकाच आकड्यावर थांबू नका. मोजणीतली चूक किती धरायची तेही निकालात लिहा. एखादा प्लग खरा उतरला तर त्याचे नाव तितक्याच ठळकपणे छापा. तक्ता एका पानाचा, मराठी आणि हिंदीत असू द्या. तुम्ही तो प्रसिद्ध केलात, की छापून गॅरेजमध्ये आणि टॅक्सी स्टँडवर पोचवण्याचे काम आम्ही वाहनधारक करू.

आपला,
पुण्यातील एक वाहनधारक