हरलेल्या संघाला कुलूप कशासाठी?

बिलोली परिसरातील एका महाविद्यालयाचा फुटबॉल संघ २०२५-२६ च्या हंगामात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात गारद झाला. आदल्या वर्षी याच संघाने उपान्त्य फेरी गाठली होती. त्यामुळे मुलांच्या आणि गावाच्याही अपेक्षा वाढल्या होत्या. मध्यंतरापर्यंत बरोबरी होती. शेवटच्या पंचवीस मिनिटांत चार गोल झाले आणि मुले माना खाली घालून परतीच्या एस.टी.त बसली.

खेळात हारजीत चालायचीच. तेवढ्यासाठी आम्ही हा स्तंभ खर्ची घातला नसता. परंतु संघ परतल्यावर आठवड्याभरातच संस्थाचालकांनी तोंडी फर्मान काढले, की पुढच्या वर्षापासून फुटबॉल बंद! कारण काय, तर "या पोरांवर पैसा घालवून उपयोग नाही, नुसती हुल्लडबाजी करतात." महाविद्यालयाचे नाव आम्ही मुद्दाम छापत नाही. मुलांना अजून त्याच छताखाली परीक्षा द्यायच्या आहेत, आणि अंतर्गत गुण कुणाच्या हातात असतात हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

हुल्लडबाज म्हणविली गेलेली ही पोरे कोण? संघाची यादी आम्ही पाहिली. बौद्ध आहेत, मातंग आहेत, मुस्लिम आहेत, तांड्यावरची दोन मुले आहेत आणि दोन एकरांवर पोट भरणाऱ्या मराठा घरातलाही एक आहे. एकाही मुलाचे वडील संस्थेचे सभासद नाहीत, कंत्राटदार नाहीत, जिल्हा परिषदेत नाहीत. क्रिकेटचा संघही त्याच हंगामात हरला. तो मात्र बंद झालेला नाही. का, ते ज्याचे त्याने ओळखावे.

आता हरले का, तेही पाहू. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यावर जी अतिवृष्टी कोसळली तीत नांदेड जिल्ह्याची दैना झाली. मैदानावर गुडघाभर चिखल, तेव्हा सराव कुठला? पाणी ओसरल्यावर हाती लागेल तेवढे सोयाबीन काढायची घाई. मुले मैदान सोडून रानात गेली. पीक गेले तेव्हा तिघे जण थेट हैदराबादला बांधकामावर गेले, एक जण आईबापाबरोबर ऊसतोडीला. उरलेल्या तेरांना घेऊन संघ निघाला. पहाटेची गाडी, नांदेडपर्यंत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरचा प्रवास, दुपारी बाराचा सामना आणि पोटात वडापाव. स्टड असलेले बूट सहा जोड होते, तेही मापाचे नव्हेत. क्रीडा संचालकाचे पद रिकामे, म्हणून सोबत पाठविले कार्यालयातील एका लिपिकाला. ते सद्गृहस्थ बिचारे चांगले, पण ऑफसाईड म्हणजे काय हे त्यांनी मुलांनाच विचारले! अशा संघाने पासष्टाव्या मिनिटापर्यंत गोल होऊ दिला नाही, याबद्दल खरे म्हणजे त्यांचा सत्कार व्हायला हवा होता.

"पैसा घालवून उपयोग नाही" असे जे म्हटले गेले, त्यातील पैसा कुणाचा, हा कायद्याचा प्रश्न आहे. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याच्या पावतीवर क्रीडा शुल्काची किंवा जिमखान्याची ओळ असते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी बाबासाहेबांच्या प्रयत्नाने १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. या भारत सरकार शिष्यवृत्तीच्या नियमात शिकवणी शुल्क, ग्रंथालय, वैद्यकीय तपासणी यांच्याबरोबर खेळाचे शुल्कही स्पष्ट शब्दांत नमूद आहे. म्हणजे आमच्या पात्र विद्यार्थ्याच्या खेळाचे पैसे केंद्र आणि राज्य सरकार मिळून भरतात. २०२० च्या डिसेंबरमध्ये या शिष्यवृत्तीचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटून घेण्याचा निर्णय झाला. हप्ते उशिरा येतात, ही रडकथा वेगळी. पण बूट मागायला गेलेल्या मुलाला कुणी उपकाराची भाषा ऐकवीत असेल, तर त्याने आपली प्रवेश पावती खिशातून काढून टेबलावर ठेवावी.

काही शहाणे लगेच म्हणतील, खेळात कसली जात काढता? मैदानावर सगळे सारखे! त्यांनी पळवणकर बाळूंचे आयुष्य वाचावे. चर्मकार समाजात जन्मलेला हा गोलंदाज पुण्यात गोऱ्यांना सरावासाठी चेंडू टाकायचा. हिंदू जिमखान्याने त्याला संघात घेतले ते सामने जिंकण्यासाठी. चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद बाळूला कधीच मिळाले नाही. ते धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले, तेही १९२३ साली, बऱ्याच भांडणानंतर. हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण म्हणून त्यांच्यावर झालेला अन्याय खोटा ठरत नाही. चेंडू चालतो, चेंडू टाकणारा हात चालत नाही, ही रीत तेव्हाची. आज हात चालतो, फक्त त्या हाताला किट मिळत नाही.

राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने होणाऱ्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाला वर्षानुवर्षे 'अश्वमेध' म्हणत आले आहेत. ज्या यज्ञसंस्कृतीला तथागतांनी नकार दिला तिचेच नाव लोकशाहीतल्या विद्यार्थ्यांच्या खेळांना द्यावे, हे ज्यांना सुचले त्यांच्या डोक्यात मैदान कुणाचे होते, हे वेगळे सांगावे लागत नाही. असो.

फुटबॉल हा आपल्या मातीतला खेळ नाही, असाही एक मुद्दा संस्थेच्या बैठकीत निघाल्याचे समजते. हे अज्ञान आहे. १९५६ पर्यंत बिलोली ज्या राज्यात होती त्या हैदराबादने देशाला फुटबॉल शिकविला. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक उचलून नेला. या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. त्यांच्या शिकवणीखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. तो सामना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला. त्याच आठवड्यात बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, आणि आमच्या बापजाद्यांना मेलबर्नची बातमी ऐकण्याची शुद्ध नव्हती. महिनाभर आधी, १ नोव्हेंबरला, मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. फुटबॉल मांजरेच्या पलीकडेच राहिला. निजामी राजवटीत तरी तो इकडे कुठे होता म्हणा! मैदाने, शाळा, क्लब सारे राजधानीत, आणि मराठवाड्याच्या वाट्याला शेतसारा.

रहीमसाहेबांची रीत आमच्या संस्थाचालकांनी जरूर अभ्यासावी. महागडी साधने त्यांच्याकडे नव्हती. मुलांचा कमकुवत पाय तयार व्हावा म्हणून ते केवळ त्याच पायाने खेळायच्या स्पर्धा भरवीत. याला पैसा लागत नाही. रोज संध्याकाळी मैदानावर येणारा एक जाणता माणूस लागतो.

नागपूरचे उदाहरण तर सर्वांना ठाऊक झाले आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांच्या हाती चेंडू दिला आणि २००१ पासून झोपडपट्टी फुटबॉल उभा केला. ती मुले पुढे परदेशात बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोहोचली. नागराज मंजुळे यांनी यावरच २०२२ साली 'झुंड' काढला. त्यात महाविद्यालय आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. आपल्याकडच्या अनेकांनी तो चित्रपट जयंतीच्या मिरवणुकीच्या दृश्यासाठी टाळ्या वाजवीत पाहिला. ती भिंत किती जणांनी पाहिली, ठाऊक नाही. बिलोलीत फरक एवढाच, की मुले भिंतीच्या आत आली आहेत. प्रवेश आहे, ओळखपत्र आहे, आणि तरीही त्यांना बाहेर काढले जात आहे.

आणखी जवळचे पाहायचे तर सीमेपलीकडे निजामाबाद जिल्ह्यात पाहा. तेथल्या तांड्यावरची सौम्या गुगुलोथ ही लंबाडा समाजाची मुलगी भारतीय महिला संघात खेळते. तिचा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे, आपल्याकडे बंजारा विमुक्त जातीत. तो वाद येथे उकरायचा नाही. पण बिलोलीहून दोन-तीन तासांच्या अंतरावर तांड्यातली मुलगी देशाची जर्सी घालते आणि अलीकडच्या तांड्यातल्या मुलाला महाविद्यालयाची जर्सीही नाकारली जाते, हे अंतर पोरांच्या पायांमुळे पडलेले नाही.

आता थोडे आपल्या घरातले. संस्थाचालकांना बोल लावणे सोपे आहे. आम्ही चळवळीतले लोक तरी या मुलांच्या सामन्याला गेलो होतो का? नाही. हा स्तंभ लिहिणारेही गेले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. आमच्या लेखी खेळ म्हणजे पोरांचा वेळ घालविण्याचा उद्योग. "खेळून काय कलेक्टर होणार का?" हे वाक्य आमच्याच घराघरांत आहे. ज्या बाबासाहेबांच्या डोळ्यांदेखत समता सैनिक दल कवायत करीत उभे राहिले, त्यांच्या अनुयायांनी शरीराच्या शिस्तीला दुय्यम मानावे? दरवर्षी १४ एप्रिलला आमच्या जयंती समित्या डी.जे.वर एका रात्रीत जेवढा पैसा उडवितात, त्याच्या चौथ्या हिश्श्यात दोन संघांचे बूट येतात. हे लिहिले की समित्यांचे कार्यकर्ते रागावतात. रागवावे, पण बूटही आणावेत.

या विद्यापीठाच्या मैदानावर आमची मुले खेळायला जातात ते कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे म्हणून १९७८ साली याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. १९९४ च्या जानेवारीत नामविस्तार झाला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. एवढी किंमत मोजून मिळालेल्या उच्च शिक्षणात वर्ग, वाचनालय आणि मैदान हे तिन्ही येतात. मैदान तेवढे दुसऱ्याचे, अशी वाटणी आम्हाला मान्य नाही.

संघाचे पुढे काय होईल? आमचे मत असे, की हा संघ टिकविला तर पुढच्या हंगामात तो आदल्या वर्षापेक्षा वर जाऊ शकतो. तेरापैकी आठ मुले अद्याप प्रथम आणि द्वितीय वर्षाला आहेत. गोलरक्षक चांगला आहे. शेवटच्या अर्ध्या तासात त्याने निदान पाच निश्चित गोल अडविल्याचे प्रतिस्पर्धी संघाच्या मुलांनीच आम्हाला सांगितले. बचावफळी जुनी, एकमेकांना ओळखणारी आहे. उणीव आहे ती नव्वद मिनिटे टिकणाऱ्या दमाची आणि बदली खेळाडूंची. दम सरावाने आणि खाण्याने येतो. सराव स्पर्धेच्या आठवडाभर आधी सुरू करून भागत नाही, तो जूनपासून हवा. अठरा मुलांची यादी कायम हवी. सुगीच्या दिवसांत मुलगा मजुरीला जाणारच, त्याला दोष देऊ नये. त्या दिवसांत सराव संध्याकाळी ठेवावा आणि स्पर्धेच्या दिवसांचा भत्ता आगाऊ हाती द्यावा. 'स्वाधार'ची रक्कम वेळेवर मिळाली तर दोन मुलांचे तरी हैदराबादला जाणे टळेल. आणि सामन्याच्या आदल्या रात्री संघ नांदेडला मुक्कामी असावा. वसतिगृहात सतरंजी टाकायला कितीसा खर्च येतो?

मैदानाची अडचण सांगितली जाते. तालुका क्रीडा संकुलासाठीची अनुदान मर्यादा शासनाने २०२२ मध्ये १ कोटीवरून ५ कोटींवर नेली. तालुक्यात त्या योजनेतून काय झाले, तेथे फुटबॉलचे मैदान आखले आहे काय, आणि ते महाविद्यालयीन संघाला कोणत्या वेळेस मिळते, हे तहसील पातळीवर लेखी विचारावे लागेल. देगलूर-बिलोली हा अनुसूचित जातीसाठी राखीव मतदारसंघ आहे. मते मागताना वस्तीत येणाऱ्यांना आमदार निधीतून दोन गोलपोस्ट उभे करणे जड जाऊ नये.

महाविद्यालयाकडे आमचे तीन प्रश्न आहेत. गेल्या तीन वर्षांत क्रीडा शुल्कापोटी किती रक्कम जमा झाली? त्यातली कोणत्या खेळावर किती खर्च झाली? आणि फुटबॉल संघ बंद करण्याचा ठराव कोणत्या समितीने, कोणत्या तारखेला केला? तोंडी फर्मानाला कायद्यात किंमत नाही. ठराव असेल तर त्याची प्रत मिळाली पाहिजे, नसेल तर संघ चालू आहे असेच आम्ही धरून चालतो. अनुदानित महाविद्यालय माहिती अधिकार कायदा २००५ च्या कक्षेत येते. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत, आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

अर्जाचा मसुदा आम्ही तयार केला आहे. मुलांनी आपली नावे घालण्याची गरज नाही, अर्ज आमच्या नावाने जाईल. बिलोली, कुंडलवाडी आणि देगलूरच्या ज्या कार्यकर्त्यांना सोबत सही करायची आहे त्यांनी येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात थांबावे. येताना एखाद्या जयंती समितीचा अध्यक्षही सोबत आणावा, त्याच्याशी बुटांचेही बोलून घेऊ.