जुन्या हौदाचा जीर्णोद्धार

सांगली आणि सातारा या दोन्ही बाजूंच्या वाचकांकडून अलीकडे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आमच्याकडे आला आहे; म्हणून या महिन्याचें सदर त्यासच देत आहों. मागच्या पिढीनें बंगल्याच्या आवारांत किंवा मळ्यावर हौसेनें बांधलेला पोहण्याचा हौद आतां पंचवीस-तीस वर्षांचा झाला. गिलावा सुटूं लागला, तळाशीं भेगा दिसूं लागल्या, पाणी टिकेनासें झालें. घरांत मतें तीन. वडील मंडळी म्हणतात, माती टाकून बुजवा आणि वर मोगरा लावा. कर्ते पुरुष म्हणतात, वरून निळ्या टाइल्स बसवून टाका. सुना म्हणतात, आधीं मुलांच्या जिवाचा विचार करा, मग रंगाचा. ज्यांच्यासाठीं हा सारा खटाटोप त्या मुलांस कोणी विचारीत नाहीं, ही गोष्ट निराळी.

आमचें मत असें कीं, कोणता लेप द्यावा हा प्रश्न नंतरचा. जुना लेप कां गेला हें आधीं कळलें पाहिजे. रोगाचें निदान न करतां मात्रा उगाळणारा वैद्य आणि भेग न पाहतां टाइल्सचे नमुने दाखविणारा कंत्राटदार यांत आम्हांस फारसा भेद दिसत नाहीं.

पाणी खरोखर गळतें किंवा नाहीं, येथूनच आरंभ करावा. चैत्र-वैशाखांत उन्हानें व वाऱ्यानें पाणी आटतें, त्यास गळती समजून गवंड्यास बोलावणारीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. परीक्षा अगदीं सोपी आहे. हौदाच्या पायरीवर एक बादली ठेवावी, बाहेरच्या पातळीइतकें हौदाचेंच पाणी तींत भरावें, आंत व बाहेर खूण करावी, आणि एक अहोरात्र कोणासही पाण्यांत उतरूं देऊं नये. आटलेलें पाणी दोहोंकडे सारखें उतरेल. बाहेरचें अधिक उतरलें तर तेवढी गळती. हीच परीक्षा एकदां पंप चालू ठेवून व एकदां बंद ठेवून करावी. पंप चालू असतां गळती वाढली, तर दोष बहुधा हौदाच्या अंगांत नसून पाणी परत आणणाऱ्या नळांत असतो, आणि मग सोन्याचा पत्रा मढविला तरी पाणी जातच राहील.

बोटभर पाण्याचा हा हिशेब कोणास क्षुल्लक वाटेल. वीस फूट लांब व बारा फूट रुंद हौदांतून एक इंच पाणी गेलें, म्हणजे २० घनफूट, सुमारें ५६६ लिटर गेलें. रोज इतकें जाऊं लागलें तर महिन्यास १७ हजार लिटर. ज्या जिल्ह्यांत जत-आटपाडी आहे, किंवा ज्यांत माण-खटाव आहे, तेथें हा हिशेब केवळ पैशाचा राहत नाहीं. अशी गळती ठाऊक असून चालू ठेवण्यापेक्षां वडिलांचा मोगरा बरा, असें आम्ही स्पष्ट म्हणूं.

गळती हौदाचीच ठरली म्हणजे भेगेकडे वळावें. केसासारखी बारीक, जाळीदार भेग गिलाव्याची असते, ती वरवरची. जी तिरपी धांवत जाते, जींत नख शिरतें, आणि बुजविली तरी दरवर्षीं त्याच जागीं उघडते, ती बांधकामाची. तिचें कारण बहुधा हौदाबाहेर असतें. येथें सांगली व सातारा यांचीं दुखणीं वेगळीं होतात. कृष्णाकांठची काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसते. शेतांत पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच मातीच्या. तिच्यांत रुतवून बसविलेला हौद वर्षांतून दोनदां पिळला जातो. साताऱ्यास अजिंक्यताऱ्याच्या उतारावर मुरूम व खडक. तो फुगत नाहीं, परंतु आषाढ-श्रावणांत डोंगरांत मुरलेलें पाणी वरच्या अंगाच्या भिंतीस पाठीमागून रेटतें. म्हणून सांगलीकडे हौदाच्या भोंवतीं तीन-चार फूट पक्की फरसबंदी बाहेरच्या बाजूस उतार देऊन करावी, म्हणजे माती एकदां ओली, एकदां कोरडी होणार नाहीं. साताऱ्याकडे वरच्या अंगास चर खणून, त्यांत खडी भरून, पाण्यास दुसरी वाट करून द्यावी. हें न करतां आंतून कितीही लेप दिले, तरी तो पैसा पाण्यांतच.

आणखी एक धोका असा कीं तो ठाऊक नसल्यास सबंध हौद हातचा जातो. रिकामा हौद म्हणजे जमिनींत पुरलेली होडी होय. वर सांगितलेल्या मापाचा, पांच फूट खोल व सहा इंच जाड काँक्रीटचा हौद घेतला, तर त्याचें स्वतःचें वजन सुमारें वीस टन भरतें. आंत पाणी असतें तेव्हां आणखी ३४ टनांचा भार त्यास खालीं धरून ठेवतो. तें पाणी उपसलें, आणि बाहेर जमिनींतलें पाणी हौदाच्या बुडापासून साडेतीन फूट चढलें, तर त्याचा वर ढकलणारा रेटा पंचवीस टनांहून अधिक होतो. मग हौद तडकतो, किंवा अख्खा वर उचलला जातो. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर चढली होती. नदी चढली म्हणजे कांठच्या जमिनींतलें पाणीही चढतें, मग तें डोळ्यांस दिसो वा न दिसो. पूर येणार म्हणून घाईनें हौद उपसून ठेवणें हें उफराटें शहाणपण आहे. त्या दिवसांत तो भरलेलाच बरा. दुरुस्तीच्या वेळीं तळास दाब सोडणारी झडप बसवून घेतां येते, व नदीकांठच्या घरांनीं ती अवश्य बसवावी.

कांहीं वाचकांचा हौद काँक्रीटचा नसून वाड्यांतला जुना, चुन्याचा आहे. त्यांस आमची विनंती कीं, त्यावर सिमेंटचा गिलावा चढवूं नये. चुना मऊ असतो, थोडा हलतो, आणि भिंतींतला ओलावा बाहेर जाऊं देतो. सिमेंट ताठ व कठीण. तें ओलावा आंत कोंडतें, आणि दोन-चार पावसाळ्यांनीं सुटतें तें चुन्याचा थर बरोबर घेऊनच. जुन्या चुन्यास चुनाच द्यावा. त्यांत विटांची सुरखी असली म्हणजे तो पाण्याखालींही घट्ट होतो. घाणींत मळलेला चुना व तो घोटणारा गवंडी आज मिळणें कठीण आहे, हें आम्ही जाणतों. पण जुन्या वाड्यांची व देवळांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे चौकशी केल्यास अजून मिळतो.

आणि विहिरीस तर कोणताच गिलावा नको. साताऱ्याजवळ लिंब येथें बारा मोटेची विहीर आहे. छत्रपति शाहूंच्या काळीं, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनीं ती बांधविली. सुमारें ११० फूट खोल व ५० फूट रुंद अशी ती अष्टकोनी विहीर तीनशें वर्षें उभी आहे ती दगडांच्या बळावर. विहिरीस पाझर आंत येऊं द्यावयाचा असतो, हौदांतून तो बाहेर जाऊं द्यावयाचा नसतो. दोहोंचें औषध एक कसें असेल? तिच्या दरजांतून उगवलेलीं पिंपळाचीं रोपें मुळासकट काढावींत आणि हललेले दगड सांधावे, इतकें पुरे. आमच्या पिढीचें पोहणें अशाच विहिरींत झालें. कमरेस पांगऱ्याचा बिंडा बांधून मामा काठावरून ढकलून देत. निळ्या टाइल्स कोणीं पाहिल्या होत्या!

आतां लेपांविषयीं. सर्वांत स्वस्त म्हणजे इपॉक्सीचा रंग. तो साधारण पांच-सात वर्षें टिकतो, परंतु ओल्या भिंतीवर दिल्यास फोड येऊन निघतो. म्हणून हौद उपसल्यावर दोन फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनीं चिकटवून एक रात्र ठेवावा. सकाळीं आंत दंव जमलेलें दिसलें तर रंगाचा नाद सोडावा. नव्या सिमेंटवर महिना उलटल्याखेरीज हा रंग देऊं नये.

दुसरा मार्ग पांढऱ्या सिमेंटांत संगमरवराचा चुरा घालून केलेल्या गिलाव्याचा. हाडानें शाबूत असलेल्या हौदास हा आम्हांस सर्वांत योग्य वाटतो. चांगल्या हातचा असल्यास दहा वर्षें सहज जातात, आणि पुढें एखादी जागा बिघडली तर तेवढीच दुरुस्त करतां येते. मात्र जुना गिलावा लाकडी ठोकळ्यानें वाजवून पाहावा. पोकळ आवाज येईल तेथपर्यंत काढून टाकावा, आणि राहिलेल्या भागावर टाचे मारून मगच नवा थर द्यावा. गवंडी टाचे मारण्याचा कंटाळा करतो, म्हणून घरांतील एका जाणत्या माणसानें तितके दिवस समोर बसावें.

तिसरा मार्ग टाइल्सचा. काचेच्या किंवा पाणी न शोषणाऱ्या टाइल्स वीस वर्षांहून अधिक टिकतात यांत संशय नाहीं. न्हाणीघराच्या भिंतीस लावतात त्या मात्र चालत नाहींत. परंतु टाइल्स म्हणजे पाणी अडविणारा लेप नव्हे. पाणी सांध्यांतून मागें जातेंच. तें अडविणारा थर टाइलच्या पाठीमागें असावा लागतो. मोहेंजोदडोच्या कारागिरांस हें चांगलें ठाऊक होतें. १९२५-२६ मध्यें उकरलेल्या तेथील मोठ्या स्नानकुंडास त्यांनीं डांबराचा थर दिला तो दर्शनी विटांवर नव्हे, त्यांच्या मागें. तेव्हां टाइल्सचा भाव विचारण्यापूर्वीं मागें काय घालणार हें कंत्राटदारास विचारावें, आणि उत्तर लेखी घ्यावें. हमीचेंही तसेंच. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत कच्चीं टेंभुर्णीं, कवठें, सांवरीचीं फुलें इत्यादिकांचा काढा करून, त्यांत गुग्गुळ, राळ, बेल असें कांहीं मिसळून, वज्रलेप सांगितला आहे. तो देवळांस, मूर्तींस, तसाच विहिरींसही कढत लावावा, म्हणजे एक कोटि वर्षें टिकतो, असें त्याचें म्हणणें. आजचे विक्रेते त्या मानानें विनयशीलच म्हणावयाचे.

सुनांचा प्रश्न आम्हीं मागें ठेवला नाहीं. तळ उघडा पडला असतां तेथील पाणी ओढणाऱ्या तोंडाकडे अवश्य पाहावें. जुन्या हौदांत बहुधा एकच तोंड असतें आणि त्यावरची जाळी मोडकी किंवा सपाट. पंपाच्या ओढीनें मुलाचे केस किंवा अंग त्यास चिकटलें तर मोठ्या माणसासही तें सोडविणें कठीण. दोन तोंडें एकमेकांपासून तीन फुटांहून अधिक अंतरावर करून एकाच नळास जोडावींत, व दोहोंवर फुगीर जाळ्या घट्ट बसवाव्या. हें काम लेप चढल्यावर करतां येत नाहीं. पैसे कमी पडत असतील तर टाइल्स सोडाव्या, हें सोडूं नये. हौदाभोंवतीं कुंपण व त्यास आपोआप लागणारें फाटक याच अंदाजपत्रकांत धरावें.

काम दिवाळीनंतर काढावें, जमिनींतलें पाणी खालीं गेल्यावर. गिलावा वाळूं न देतां हौद भरावयास घ्यावा, आणि एकदां सुरू केलेली धार मध्येंच थांबवूं नये. पाणी जेथें थांबतें तेथें कड्यासारखी रेघ उमटते ती पुढें जात नाहीं. नळीच्या तोंडास जाड फडकें बांधावें, म्हणजे धारेनें ओला गिलावा खरवडणार नाहीं. नव्या गिलाव्याचा चुना पाण्यांत उतरतो. म्हणून पहिला महिनाभर भिंती रोज मऊ ब्रशनें घासाव्या, आणि पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ यांच्या दरम्यान राखावा. पाणी टँकरचें असल्यास ३४ हजार लिटरच्या हौदास दहा हजारांचे साडेतीन लागतात. ते चारी एकाच दिवशीं येतील असें आधीं ठरवून ठेवावें. शेवटच्या अर्ध्या टँकरसाठीं कोणी लवकर येत नाहीं.