‘वासना नाही’ म्हणजे नेमके काय?

घरातील वृद्ध व्यक्ती ताटावरून उठताना कोणते शब्द वापरते, याकडे आपण लक्ष देता काय? ‘भूक नाही’, ‘वासना नाही’, ‘तोंडाला चव नाही’, ‘घास उतरत नाही’ ही चार वाक्ये कानाला सारखीच वाटतात, आणि शुश्रूषा करणारे त्या चारींना एकच उत्तर देतात : ‘दोन घास तरी खा.’ वस्तुतः ही चार निरनिराळी दुखणी आहेत.

‘भूक’ हा शब्द संस्कृत ‘बुभुक्षा’पासून आला. त्याचा मूळ अर्थ खाण्याची इच्छा. मराठीने पुढे पोटाची गरज भुकेकडे ठेवली आणि मनाची ओढ वासनेकडे सोपवली. म्हणूनच ‘अन्नावरची वासना उडाली’ असे म्हणणाऱ्याचे पोट रिकामे असू शकते; मन मात्र ताटाकडे वळत नाही. अशा वेळी जोडीदाराचा वियोग, एकटेपण, नैराश्य यांचा विचार आधी करावा. ‘चव नाही’ म्हणणाऱ्याचे मन खायला तयार असते. वयानुसार गंधज्ञान मंदावते, आणि चवीचा मोठा भाग गंधाचाच असतो. मधुमेहावरील मेटफॉर्मिनसारख्या औषधानेही काहींच्या तोंडाची चव बिघडते. ‘घास उतरत नाही’ ही बहुधा सैल कवळीची, कोरड्या तोंडाची किंवा गिळण्याची तक्रार. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

उलट बाजूचे शब्द तर अधिकच निष्ठुर. हावरट, अधाशी, खादाड! परंतु त्याच भाषेत ‘भस्म्या’ हाही शब्द आहे, आणि तो दोष देत नाही, रोगाचे नाव सांगतो. आयुर्वेदाने अग्नीचे मंद, तीक्ष्ण, विषम आणि सम असे चार प्रकार सांगितले. अतितीक्ष्ण अग्नी म्हणजे भस्मक, त्यावरून आपला भस्म्या. आजोबांची खा-खा वाढली आणि वजन मात्र उतरू लागले, तर रक्तातील साखर व थायरॉईड तपासून घ्यावे. स्मृतिभ्रंशात जेवण झाल्याचे विसरून पुन्हा ताट मागितले जाते. त्या माणसाला हावरट म्हणणे हा अन्याय होय.

गोडाविषयीही तसेच. गोडघाशा माणूस जन्मभर गोडघाशाच असतो, त्यात नवल नाही. पण इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारी व्यक्ती अचानक ‘काहीतरी गोड दे, गळून जातंय’ असे म्हणू लागली, तिला घाम सुटला, हात कापू लागले, तर ते जिभेचे चोचले नव्हेत. साखर 70 च्या खाली गेली असण्याचा तो इशारा आहे. शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही ओतू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

आता जव्हार-मोखाड्याकडे वळू. 1992 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, आणि ‘कुपोषण’ हा शब्द घरोघरी पोहोचला. शास्त्रीय शब्द म्हणून तो चुकीचा नाही. तथापि ‘भूक’ म्हटल्यावर कोण उपाशी, असा प्रश्न उभा राहतो, तो ‘कुपोषण’ म्हटल्यावर राहत नाही, असे माझे मत आहे. पुढे आदिवासी भागात गरोदर व स्तनदा मातांसाठी आणि बालकांसाठी अमृत आहार योजना आली, हे चांगलेच झाले. वृद्धांची भूक मात्र त्या वहीत मांडली जात नाही.

येथील ऋतूंनाही भुकेचे वेळापत्रक आहे. दिवाळीनंतर तरुण मंडळी वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात. पाड्यावर म्हातारी माणसे व कधी नातवंडे उरतात. चैत्रात मोहाची फुले पडतात, वाळवून ठेवली जातात; साखर दुर्मीळ असताना रानातले गोड ते हेच. (मधुमेह असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, मोहाचा गोडवाही साखरच.) पावसाळ्यात घरातले धान्य सरत येते, तेव्हा टाकळा, कुर्डू आणि घशाला खाजणारी, काकडाच्या आंबट फळांनी निववलेली शेवळे आधाराला येतात. नागली मात्र बारमाही भरवशाची. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दात नसलेल्यांना भाकरीपेक्षा तिची आंबील सोपी पडते. शेंगदाण्याचे कूट घातले तर थोडे प्रथिनही मिळते.

ज्यांनी अर्धपोटी दिवस काढले, त्यांच्या तोंडी आणखी एक क्रियापद असते : भूक ‘मारणे’. कोरा चहा, तंबाखू, मिश्री यांनी ती मारली जाते. नातवंडांना पुरावे म्हणून ‘माझं पोट भरलंय’ असे सहज म्हटले जाते, आणि ती सवय घरात धान्य आल्यावरही सुटत नाही. अशा आजीला ‘भूक आहे का’ असे विचारू नये, नकारच मिळेल. ‘काल रात्री काय खाल्लंस?’ असे विचारावे, आणि महिन्यातून एकदा वजन करून वहीत लिहावे. सहा महिन्यांत 50 किलोचे साडेसत्तेचाळीस झाले, तर ती वही घेऊन दवाखान्यात जावे.