नाक मुरडण्याआधी

(द्वितीय वर्ष, कला)

कलेजी आवडीने खाणारा मनुष्य वजडीला नाक मुरडतो, तेव्हा मला त्याच्या नाकाचे मोठे कौतुक वाटते. दोन्ही एकाच बोकडाच्या पोटातले. पण एकीला हॉटेलात 'कलेजी फ्राय' म्हणून मान, आणि दुसरीचे नाव काढले की डबा उघडून बसलेल्या मंडळींतून कोणीतरी म्हणणार, "शी! तुम्ही हे खाता?" त्यातला 'तुम्ही' मला 'शी'पेक्षा अधिक बोचतो. नाशकात खोली शोधतानाही 'खाता काय?' हाच पहिला प्रश्न कानी पडला. 'शिकता काय?' हा नंतरचा.

रविवारी मटणाच्या दुकानापुढे मांडीच्या मटणासाठी गर्दी असते. मुंडी, पाय, वजडी, फोफसा कोपऱ्यातल्या घमेल्यात. आमची ओढ त्या घमेल्याकडे, कारण ते परवडते. मात्र स्वस्त म्हणून सोपे नव्हे. वजडी उलटी करून चार पाण्यांनी धुवायची, चुना लावून वरचे काळे सालपट सुरीने खरवडायचे, पुन्हा धुवायची. ती चिवट, म्हणून हळद-मीठ, आले-लसूण घालून बराच वेळ शिजवायची. मग भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण, काळा मसाला आणि बाजरीची गरम भाकरी. आई वजडी जितकी धुते तितकी हॉटेलातली कोथिंबीर कोणी धूत असेल, असे मला वाटत नाही.

किळस खोटी नसते. पोट ढवळते तेव्हा कोणी नाटक करीत नाही. पण ती आपण शिकतो. स्कॉटलंडमध्ये मेंढीचे हृदय, यकृत आणि फुप्फुसे ओटबरोबर शिजवून 'हॅगिस' करतात. २५ जानेवारीला रॉबर्ट बर्न्स या कवीच्या जयंतीला ते वाजतगाजत पानात येते. तिथे ते राष्ट्राचे पक्वान्न, इथे आमच्या घरचे 'तसले' खाणे! शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजांचे खाणे नोंदवले. पाककृतींच्या इतर पुस्तकांत रक्तीला जागा का नव्हती, हा प्रश्न मराठीच्या तासाला विचारण्यासारखा आहे.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीच १९२७ साली महाडला मृत मांस सोडायला सांगितले होते. होय, आणि ते योग्यच होते. ते मेलेल्या जनावराचे, लाचारीने पदरात घ्यावे लागणारे मांस होते. घामाच्या पैशाने विकत घेतलेल्या ताज्या बोकडाचा आणि त्याचा संबंध काय?

शाकाहारी मित्रांना माझे काहीच सांगणे नाही. गाऊट असलेल्यांनीही यापासून दूर राहिलेले बरे. पण जे मटण खातात, त्यांनी एकदा धीर करावा. आधी कलेजी, मग पायाचा रस्सा, मग वजडी, असा क्रम चांगला. माझा एक वर्गमित्र सुट्टीत गावी आला होता. ताट पाहून तो थबकला. आई म्हणाली, "बाळा, नुसता रस्सा वरप आधी, तुकड्याचं मग पाहू." तिसऱ्या भाकरीला त्याने स्वतःच पातेले जवळ ओढले. आता 'पुन्हा कधी?' म्हणून तोच विचारतो. मुंडीतला डोळा मात्र त्याला अजून नको असतो. तो माझ्या वाट्याला येतो, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.