भेडाघाटच्या तराजूत काय घालायचे?

२०२१ मध्ये भारतातील सहा नवी स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा संभाव्य यादीत आली. त्यांत मराठ्यांचे किल्ले होते आणि जबलपूरजवळचा भेडाघाट-लमेटाघाटही होता. किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्याला त्याचा आनंद झाला. परंतु मानांकनाहून अवघड प्रश्न पुढचा असतो. अशा स्थळाविषयीचे निर्णय घ्यायचे कसे?

भेडाघाटला नर्मदेने कोरलेले संगमरवरी कडे आहेत, धुवांधार धबधबा आहे, कलचुरी काळातील चौसष्ट योगिनी मंदिर आहे. लमेटा थरांत डायनासोरांचे अवशेष आहेत; १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना जबलपूरलाच अशी हाडे सापडली होती. शिवाय नावाडी आणि दगडातून मूर्ती घडवणारे कारागीर यांची पोटे याच घाटावर भरतात.

इतक्या भिन्न गोष्टींचा मेळ घालण्यासाठी बहुनिकष निर्णयपद्धती वापरतात. प्रत्येक निकषाला गुण द्यायचे, गुणांना भार द्यायचा आणि बेरीज करायची. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जीवाश्मांच्या थरावर वाहनतळ बांधण्याच्या प्रस्तावाला रोजगारासाठी ९ आणि जतनासाठी २ गुण. तोच वाहनतळ दूर नेण्याच्या प्रस्तावाला अनुक्रमे ५ आणि ७. दोन्ही निकषांना समान भार दिला, तर ५.५ विरुद्ध ६ असा दुसरा प्रस्ताव जिंकतो. रोजगाराचा भार ६० टक्के केला, की ६.२ विरुद्ध ५.८ असा पहिला जिंकतो. दगड तोच, नदी तीच. बदलला तो फक्त भार. आणि हा भार कोणत्याही उपकरणाने मोजता येत नाही. तो माणसे ठरवतात.

भौतिकशास्त्रात मीटर आणि सेकंद यांची बेरीज करता येत नाही. येथे मात्र रुपये आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष एकाच बेरजेत बसवले जातात. त्या बेरजेत एका निकषातील तोटा दुसऱ्यातील नफ्याने भरून निघतो. बुडालेला रोजगार प्रयत्नांनी पुन्हा उभा करता येतो. फोडलेला थर नाही.

म्हणून माझे मत असे की, क्रम उलटा असावा. जे एकदा गेले की परत येत नाही, त्याला आधी नकाराधिकार द्यावा. बर्नार्ड रॉय यांच्या ‘इलेक्त्र’ पद्धतींत अशी सोय आहेच. या चाळणीतून जे पर्याय उरतील, त्यांचीच मग बेरीज करावी. भार कोणी आणि का ठरवले, हे जाहीर करावे. ते थोडे बदलले तर निकाल उलटतो का, हेही तपासून दाखवावे. भार ठरवणाऱ्यांत भूवैज्ञानिकाइतकाच नावाडी आणि मूर्तिकारही असावा. नाहीतर जतनाच्या नावाखाली त्यांचीच गळचेपी व्हायची.

विद्यार्थिमित्रांनो, वारशाविषयीचा एखादा अहवाल हाती आला, तर अंतिम गुण पाहण्यापूर्वी भारांचा तक्ता शोधा. तो सापडला नाही, तर गणिताच्या आड कोणाची तरी पसंती लपलेली आहे, असे खुशाल समजा.