घोड्यास बिनकडियाळ्याचा लगाम

माळेगांवच्या किंवा सारंगखेड्याच्या यात्रेंतून बसावयाचें घोडें घेतांना आपण त्याची चाल, दांत व भोंवरे बारकाईनें पाहतों. परंतु घोड्याबरोबर येणारा लगाम सहसा कोणी तपासीत नाहीं. त्यांत कांटेरी कडियाळें निघालें, तरी ‘घोडें तेज आहे, त्यास असेंच पाहिजे’ एवढ्या उत्तरावर समाधान होतें. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्याखालीं १९६५ सालीं झालेल्या नियमांनीं कांट्यांच्या कडियाळ्यास मनाई आहे, हें प्रत्येक घोडेवाल्यानें ध्यानांत ठेवावें.

कडियाळें बसतें तें पुढील दांत व दाढा यांमधील उघड्या हिरडीवर. तेथें हाडावर पातळ आवरणच काय तें असतें. अडाणी हाताचा प्रत्येक हिसका त्या जागीं व जिभेवर बसतो. बिनकडियाळ्याच्या लगामांत ही ओढ नाकाडावरील पट्ट्यावर येते. वेसण टोंचण्यापूर्वीं गोऱ्ह्यास म्होरकीवर चालविणाऱ्या शेतकऱ्यास हें तत्त्व नवें नाहीं.

मात्र तोंडांत लोखंड नाहीं म्हणजे घोड्यास त्रास नाहीं, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. या लगामाचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यांत दोन्ही वाद्या नाकपट्ट्याच्या दोन बाजूंस जोडलेल्या असतात. ज्या बाजूची वादी ओढावी, त्या बाजूस तोंड वळतें. दुसऱ्यांत पट्टे जबड्याखालून एकमेकांवरून जातात; डावी वादी ओढली कीं उजव्या गालावर दाब येतो. हात सैल करतांच हा दाब सुटला पाहिजे. न सुटल्यास तो लगाम टाकून द्यावा. तिसरा दांडेदार, ज्यास हॅकॅमोर म्हणतात. पहारीनें दगड उचलावा त्याप्रमाणें त्याचे दांडे हाताची ओढ कित्येक पटींनीं वाढवितात, व नाकाड, हनुवटी आणि डोकें हीं तिन्ही एकदम दाबलीं जातात. तो मुरलेल्या स्वाराच्या हातींच शोभतो. घरच्या पोरांनींहि बसावयाच्या घोड्यास आमच्या मतें पहिला प्रकारच योग्य होय.

पट्टा रुंद व मऊ असावा. गालाच्या उंच हाडाच्या टोंकाखालीं सुमारें दोन बोटें, नाकाच्या पक्क्या हाडावर तो बसावा. त्याखालीं नाकाडाचें हाड निमुळतें व नाजूक होतें, आणि पट्टा आणखी उतरल्यास श्वासास अडथळा येतो. पट्ट्याआंत दोन बोटें सहज गेलीं पाहिजेत.

घोडें मान झटकीत असेल, तर लगाम बदलण्यापूर्वीं पशुवैद्याकडून दांत तपासून घ्यावेत. दाढांच्या धारदार कडांनींहि तें असें करतें. नवा लगाम घालून पहिल्याच दिवशीं सडकेवर जाणें हा तर निव्वळ अविचार होय. गाळपाच्या हंगामांत उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ असतां बुजलेलें घोडें आवरलें नाहीं, तर प्राणाशीं गांठ पडेल. प्रथम कुंपणाच्या आंत थांबणें, वळणें व मागें सरणें हीं तिन्ही शिकवावींत. तीं शब्दासरशीं व हलक्या हातानें होऊं लागलीं म्हणजेच बाहेर पडावें.

ज्या घोड्यास थांबावयाचें शिकविलेलें नाहीं, तें तोंडांत कांटे घालूनहि थांबत नाहीं. वेदनेनें तें अधिकच उधळतें. म्हणून आमची शेतकरी बंधूंस विनंति अशी कीं, लगामावर चार पैसे खर्चावेत, परंतु शिकवणुकीवर चार महिने खर्चण्याची तयारी असेल तरच घोडें दारीं बांधावें.